काटाघरातील वजन इंडिकेटर नेटवर्कवर आणताना : डिव्हाइस सर्व्हर बसवण्याची पद्धत

साखर कारखान्याच्या आवारात उसाची भरलेली गाडी काट्यावर चढते, इंडिकेटरवरचा आकडा स्थिरावतो आणि तोच आकडा संगणकात जाऊन वजनाच्या पावतीवर उमटतो. इंडिकेटरपासून संगणकापर्यंतचा हा प्रवास बहुतेक जुन्या काट्यांवर आजही आरएस-२३२ या सिरियल जोडणीने होतो. या जोडणीचा पहिला मानक १९६० साली प्रसिद्ध झाला आणि ज्या रूपात ती सर्वत्र पसरली ते ‘सी’ रूप १९६९ चे आहे. इतकी जुनी असूनही ती टिकून आहे, कारण ती साधी आहे आणि एकदा नीट जोडली की वर्षानुवर्षे तक्रार करत नाही. अडचण दुसऱ्या टोकाला येते. नव्या संगणकाला सिरियल पोर्टच नसतो, केबल साधारण १५ मीटरच्या पलीकडे भरवशाची राहत नाही आणि काटाघरातले वजन शेती विभागाला आणि लेखा विभागालाही त्याच क्षणी हवे असते.

यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर हा यावरचा स्वस्त उपाय आहे आणि संगणक काट्याच्या शेजारीच असेल तर तो चालूनही जातो. परंतु तो एकाच संगणकापुरता असतो, आणि कुणी त्याची वायर दुसऱ्या यूएसबी खाचेत लावली की कॉम पोर्टचा, म्हणजे विंडोजमध्ये सिरियल जोडणीला मिळणाऱ्या नावाचा, क्रमांक बदलून वजन येणे बंद पडते. जिथे अंतर आहे, एकाहून अधिक संगणक आहेत किंवा संगणक पुढेमागे बदलणार आहे, तिथे सिरियल डिव्हाइस सर्व्हर बसवणे योग्य ठरते. ही हाताच्या पंजाएवढी पेटी असते. तिच्या एका बाजूला सिरियल पोर्ट आणि दुसऱ्या बाजूला इथरनेटचा आरजे-४५ पोर्ट असतो. सिरियल बाजूने आलेले बाइट ती टीसीपी या नेटवर्कवरच्या संदेशपद्धतीच्या पॅकेटांत, म्हणजे छोट्या गठ्ठ्यांत, घालून नेटवर्कवर सोडते आणि नेटवर्कवरून आलेले बाइट सिरियल तारेवर पाठवते. वजन म्हणजे काय, ते कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे त्या पेटीला ठाऊक नसते. नवख्या माणसाच्या बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून उगवतात, म्हणून या लेखातील पायऱ्यांत आधी इंडिकेटरचे बोलणे नीट ऐकून घेतले आहे आणि नेटवर्कला हात त्यानंतर लावला आहे.

काम सुरू करण्यापूर्वी एक खबरदारी घ्यावी. वजनकाटा हे वैधमापनशास्त्र विभागाने तपासून मुद्रांकित केलेले साधन असते आणि इंडिकेटरवर व लोडसेलच्या, म्हणजे काट्याखालील भार मोजणाऱ्या संवेदकांच्या, जंक्शन बॉक्सवर त्याचे सील असते. आपल्याला केवळ इंडिकेटरच्या बाहेरच्या डेटा पोर्टाशी काम आहे. ज्या कामासाठी सील तोडावे लागेल किंवा कॅलिब्रेशनच्या मेनूत शिरावे लागेल, ते काम आपण करू नये. त्यासाठी परवानाधारक दुरुस्तीकाराला बोलवावे आणि काट्याची फेरपडताळणी करून घ्यावी. त्या आकड्यावर शेतकऱ्याच्या उसाचे पैसे ठरतात, हे प्रत्येक पायरीवर ध्यानात असावे.

पहिली पायरी : पोर्ट ओळखणे

इंडिकेटरच्या पाठीमागे अनेकदा एकाहून अधिक कनेक्टर असतात आणि काही बनावटींमध्ये लोडसेलचा व डेटाचा कनेक्टर दिसायला सारखाच असतो. लोडसेलचा संकेत काही मिलिव्होल्टांचा असतो, तर आरएस-२३२ च्या तारेवर दहा-बारा व्होल्ट असू शकतात. चुकीच्या कनेक्टरमध्ये सिरियल केबल बसली तर इंडिकेटरचे इनपुट कायमचे बिघडू शकते. त्यामुळे कनेक्टरवरची अक्षरे वाचावीत, इंडिकेटरचे माहितीपुस्तक शोधावे आणि ते नसेल तर अंदाजाने काहीही जोडू नये.

माहितीपुस्तक हाती असले तरी मल्टिमीटरने खात्री करून घेणे चांगले. संगणकाच्या बाजूचा मानक नऊ पिनांचा कनेक्टर असा असतो : दुसऱ्या पिनेवर डेटा येतो, तिसऱ्या पिनेवरून डेटा जातो आणि पाचवी पिन ग्राउंड असते. इंडिकेटरने हीच मांडणी पाळली असेल असे मात्र गृहीत धरू नये. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी तार ग्राउंडला आणि लाल तार दुसऱ्या व तिसऱ्या पिनेला आळीपाळीने लावावी. आरएस-२३२ मध्ये काहीही पाठवले जात नसताना पाठवणाऱ्या तारेवर ऋण व्होल्टेज असते, साधारण उणे ५ ते उणे १२. जिथे असे ठळक ऋण व्होल्टेज दिसेल ती इंडिकेटरची पाठवणारी पिन. इंडिकेटर सतत वजन पाठवत असेल तर हा आकडा थोडा कमी दिसतो आणि हलतो, पण त्याचे चिन्ह बदलत नाही. ही पाठवणारी पिन डिव्हाइस सर्व्हरच्या ऐकणाऱ्या पिनेला जोडायची असते. नवख्यांच्या केबली सर्वांत जास्त इथेच चुकतात, कारण तयार मिळणारी सरळ केबल आणि आत दुसरी व तिसरी पिन उलटवलेली क्रॉस केबल बाहेरून एकसारख्याच दिसतात. सातत्याने वजन पाठवणाऱ्या इंडिकेटरसाठी पाठवणारी तार आणि ग्राउंड अशा दोनच तारा पुरतात. मागितल्यावर वजन देणाऱ्या इंडिकेटरला तिसरी तार लागते.

दुसरी पायरी : इंडिकेटरचे बोलणे ऐकणे

डिव्हाइस सर्व्हर विकत घेण्याच्याही आधी लॅपटॉपला यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर लावून इंडिकेटरकडून काय येते ते पाहावे. त्यासाठी असा टर्मिनल प्रोग्रॅम वापरावा जो आलेले बाइट अक्षरांच्या रूपात आणि हेक्समध्येही, म्हणजे सोळाच्या पायावरील अंकांत, दाखवू शकतो. बॉड रेट (पाठवण्याचा वेग), डेटा बिट (एका अक्षराचे बिट), पॅरिटी (चूक पकडण्यासाठीचा जादा बिट) आणि स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण) या चार गोष्टी दोन्ही टोकांना जुळाव्या लागतात. काट्यांवर २४०० किंवा ९६०० बॉड आणि ‘८-एन-१’ (आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट) ही मांडणी वारंवार भेटते, परंतु ‘७-ई-१’ (सात डेटा बिट, सम पॅरिटी, एक स्टॉप बिट) वापरणारे जुने इंडिकेटरही कमी नाहीत.

समजा काट्यावर १८,४६० किलोची गाडी उभी आहे आणि हेक्समध्ये पुढील ओळ पुन्हा पुन्हा येत आहे :

०२ २० ३० ३१ ३८ ३४ ३६ ३० ०३

यातील ०२ हा संदेश सुरू झाल्याची खूण आहे, म्हणजे एसटीएक्स. २० म्हणजे रिकामी जागा, ती धन चिन्हाच्या ऐवजी आहे. पुढचे सहा बाइट ‘०१८४६०’ हे अंक आहेत, कारण अंकांची हेक्स चिन्हे ३० पासून ३९ पर्यंत असतात. शेवटचा ०३ हा संदेश संपल्याची खूण, म्हणजे ईटीएक्स. ही ओळ वहीत लिहून ठेवावी, पुढच्या सगळ्या कामाचा पाया तीच आहे.

आता हाच इंडिकेटर ‘७-ई-१’ वर असेल आणि आपण लॅपटॉपवर ‘८-एन-१’ ठेवले असेल, तर हीच ओळ अशी दिसेल :

८२ ए० ३० बी१ बी८ बी४ ३६ ३० ०३

काही बाइट जसेच्या तसे आले आणि काही बदलले. ज्या अक्षरातील एक या बिटांची संख्या विषम आहे, त्यात पॅरिटीचा बिट एक होतो आणि आपला प्रोग्रॅम त्याला आठवा डेटा बिट समजतो, म्हणून ३१ चे बी१ होते. पडद्यावर काही अंक बरोबर आणि काहींच्या जागी भलतीच चिन्हे दिसत असतील, तर केबल बदलत बसू नये, पॅरिटी तपासावी. सगळेच निरर्थक दिसत असेल तर बहुधा बॉड रेट चुकला आहे. काहीच येत नसेल तर तारा उलट्या आहेत, किंवा इंडिकेटर मागितल्याशिवाय वजन देत नाही.

इंडिकेटर सतत पाठवतो की मागितल्यावर पाठवतो, हेही याच वेळी ठरवून घ्यावे. मागितल्यावर पाठवणारा असेल तर त्याला कोणते अक्षर किंवा आज्ञा द्यावी लागते ते माहितीपुस्तकातून पाहून लॅपटॉपवरून देऊन बघावे. वजन स्थिर झाल्याची खूण ओळीत असते का, याचीही नोंद करावी. काही इंडिकेटर त्यासाठी वेगळे अक्षर पाठवतात, काही पाठवत नाहीत.

तिसरी पायरी : पेटी निवडणे

एका इंडिकेटरसाठी एक पोर्टाची पेटी पुरते. मोक्सा, लँट्रॉनिक्स, डिजी, पर्ल या कंपन्यांची अशी उपकरणे दीर्घकाळ वापरात आहेत आणि त्यांहून स्वस्त पर्यायही पुष्कळ मिळतात. निवडताना माझ्या मते चार गोष्टी पाहाव्यात. सिरियल पोर्ट आरएस-२३२ चाच आहे की आरएस-४८५ (लांब अंतराची, अनेक उपकरणांची सिरियल जोडणी) सुद्धा चालतो, तापमानाची मर्यादा काटाघरातील मे महिन्याच्या उकाड्याला पुरेल अशी आहे का, सिरियल आणि इथरनेट बाजू विद्युतदृष्ट्या वेगळ्या ठेवलेल्या म्हणजे आयसोलेटेड आहेत का, आणि आभासी कॉम पोर्टचा (पाचवी पायरी पाहा) ड्रायव्हर आपल्या विंडोजच्या आवृत्तीसाठी मिळतो का. यांपैकी शेवटची गोष्ट लोक खरेदी झाल्यावर तपासतात आणि मग अडकून पडतात.

काटाघर कार्यालयापासून दूर असेल तर लक्षात ठेवावे की इथरनेटची तांब्याची केबलही १०० मीटरच्या पुढे नेता येत नाही. गेटवरचा काटा आणि मुख्य इमारत यांच्यात तीन-चारशे मीटर असतील, तर मधला टप्पा ऑप्टिकल फायबरने करावा आणि दोन्ही टोकांना तांब्याची केबल व फायबर जोडणारे मीडिया कन्व्हर्टर लावावेत. फायबरमध्ये धातू वाहक नसल्याने विजेचा झटका त्यातून एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जात नाही. मोकळ्या मैदानातील काट्यासाठी हा फायदा अंतराइतकाच मोलाचा आहे, म्हणून अंतर ८० मीटर असले तरी मी फायबरच सुचवतो.

चौथी पायरी : आयपी पत्ता देणे

पेटी कारखान्यातून येताना तिला एक ठरलेला आयपी पत्ता असतो. मोक्साच्या एनपोर्ट मालिकेत तो १९२.१६८.१२७.२५४ असतो. आपल्या कार्यालयाचे नेटवर्क बहुधा वेगळ्या पट्ट्यात असते, त्यामुळे पेटी थेट स्विचला लावून ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकला तर काहीच उघडत नाही आणि नवख्याला पेटी बिघडलेली वाटते. पेटी आधी केबलने सरळ लॅपटॉपला जोडावी, लॅपटॉपला तात्पुरता १९२.१६८.१२७.१० असा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा मास्क द्यावा, मग ब्राउझरमधून पेटीचे पान उघडावे आणि तिला आपल्या नेटवर्कमधला कायमचा पत्ता द्यावा, समजा १९२.१६८.१०.५१. हा पत्ता डीएचसीपीच्या, म्हणजे आपोआप पत्ते देणाऱ्या सोयीच्या, वाटपाबाहेरचा असावा. अन्यथा एखाद्या दिवशी तोच पत्ता कुणाच्या तरी मोबाइलला मिळेल आणि वजन मधूनच येईनासे होईल. हा दोष शोधणे फार जिकिरीचे असते, कारण मोबाइल आवाराबाहेर गेला की सगळे पुन्हा सुरळीत चालते.

पत्ता बदलून झाला की लॅपटॉपचे मूळ सेटिंग परत आणावे आणि पेटीवर पत्त्याची चिठ्ठी चिकटवावी. मूळचा पासवर्डही याच बैठकीत बदलावा, नंतर करू म्हटलेले हे काम नंतर होत नाही.

पाचवी पायरी : काम करण्याची पद्धत ठरवणे

पेटीच्या पानावर तीन-चार पद्धतींची यादी दिसते, त्यांतील दोन काट्यासाठी महत्त्वाच्या आहेत. वजनाचे सॉफ्टवेअर जुने असेल आणि त्याला केवळ कॉम पोर्टच कळत असेल, तर आभासी कॉम पोर्टची पद्धत घ्यावी. त्यासाठी संगणकावर कंपनीचा ड्रायव्हर बसवावा लागतो. मग विंडोजमध्ये एक नवा कॉम पोर्ट दिसू लागतो आणि सॉफ्टवेअरला वाटते की इंडिकेटर शेजारीच जोडलेला आहे. क्रमांक देताना सॉफ्टवेअरची मर्यादा पाहावी. काही जुन्या प्रोग्रॅमांत कॉम १ ते कॉम ४ एवढेच पर्याय असतात, आणि तिथे ड्रायव्हरने आपणहून दिलेला कॉम १२ उपयोगाचा नाही.

सॉफ्टवेअर नवे असेल किंवा आपणच लिहून घेत असाल, तर टीसीपी सर्व्हर ही पद्धत अधिक स्वच्छ आहे. तिच्यात पेटी एका टीसीपी पोर्टावर वाट पाहत बसते आणि सॉफ्टवेअर तिच्याशी जोडणी करते. हा पोर्ट मोक्साच्या एनपोर्टमध्ये मूळचा ४००१, लँट्रॉनिक्सच्या यूडीएस मालिकेत १०००१ आणि डिजीच्या अनेक उपकरणांत २१०१ असतो. यात ड्रायव्हर नसल्याने संगणक बदलला तरी फारसे काही करावे लागत नाही. दोन पेट्या एकमेकींशी जोडून मधल्या नेटवर्कला लांब सिरियल केबलसारखे वापरण्याचीही एक पद्धत असते. काटाघरातील वजन दूरच्या मोठ्या डिस्प्लेवर दाखवायचे असेल तर ती उपयोगी पडते.

याच पानावर बॉड रेट, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट हे वहीत लिहिल्याप्रमाणे भरावेत. फ्लो कंट्रोल, म्हणजे ‘आता पाठव, आता थांब’ असे सांगणारी सोय, बंद ठेवावा. दोन-तीन तारांच्या जोडणीत हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू राहिला तर पेटी कधीच न येणाऱ्या संकेताची वाट पाहत राहते आणि इंडिकेटरकडे काही पाठवतच नाही.

सहावी पायरी : संदेशाच्या सीमा राखणे

या पायरीवर वेळ घालवावा. टीसीपी हा बाइटांचा अखंड प्रवाह आहे. पेटीने काही बाइट गोळा केले की ती पॅकेट सोडते, आणि वजनाची ओळ त्या क्षणी अर्धीच आलेली असू शकते. एका पॅकेटात ‘०१८४’ आणि पुढच्यात ‘६०’ असे आले, आणि सॉफ्टवेअरने प्रत्येक पॅकेट म्हणजे एक वजन असे धरले, तर १८,४६० किलोच्या जागी १८४ किलो किंवा ६० किलो दिसेल. थेट सिरियल केबलवर वर्षानुवर्षे बरोबर चाललेले सॉफ्टवेअर डिव्हाइस सर्व्हर लावताच अधूनमधून विचित्र वजने दाखवते, ते बहुधा यामुळेच.

यावर दोन्ही बाजूंनी उपाय करावा. पेटीच्या सेटिंगमध्ये डिलिमिटर नावाची सोय असते. तिथे ०३ भरले की पेटी ईटीएक्स येईपर्यंत बाइट जमवते आणि मग पूर्ण ओळ एकत्र पाठवते. परंतु वाटेत टीसीपीने तीच ओळ पुन्हा तोडणार नाही किंवा दोन ओळी एकत्र जोडणार नाही याची हमी कुणी देत नाही. त्यामुळे सॉफ्टवेअरनेही ०२ पासून ०३ पर्यंतचे बाइट जमवून, लांबी बरोबर नऊ भरते का ते तपासून, मधले सहाही अंकच आहेत याची खात्री करून मगच वजन स्वीकारले पाहिजे.

दुसरा धोका शिळ्या वजनाचा आहे, आणि मला तो अधिक गंभीर वाटतो. एका कारखान्यात चाचणीच्या दिवशी मी स्वतः तो पाहिला. गाडी काट्यावरून उतरली, दुसरी चढली, इंडिकेटरवर नवा आकडा आला आणि संगणकावर मात्र आधीच्या गाडीचे वजन दिसत राहिले. सॉफ्टवेअर केवळ ‘वजन घ्या’ हे बटण दाबल्यावर पोर्ट वाचत होते आणि मधल्या काळात आलेले बाइट बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साचत होते. इंडिकेटर सेकंदाला दहा वेळा नऊ बाइटांची ओळ पाठवत असेल, तर ४,०९६ बाइटांचा बफर भरायला साधारण ४५ सेकंद लागतात, म्हणजे बटण दाबल्यावर हाती येणारी पहिली ओळ पाऊण मिनिटापूर्वीची किंवा त्याहूनही जुनी असू शकते. त्या दिवशी खऱ्या पावत्या निघत नव्हत्या म्हणून कुणाचे नुकसान झाले नाही, पण हंगाम चालू असता तर एका शेतकऱ्याच्या उसाचे वजन दुसऱ्याच्या नावावर पडले असते.

म्हणून पोर्ट सतत वाचत राहावा आणि प्रत्येक वेळी सर्वांत ताजी ओळ घ्यावी. हे शक्य नसेल तर बटण दाबताच बफर पूर्ण रिकामा करून त्यानंतर आलेली ओळच धरावी. काही डिव्हाइस सर्व्हरमध्ये जोडणी होताच जुना साठा टाकून देण्याची सोय असते, ती चालू करावी. स्थिरतेची खूण न देणाऱ्या इंडिकेटरसाठी लागोपाठ काही ओळींत तेच वजन आले तरच ते घ्यावे. आणि दोन सेकंद एकही ओळ आली नाही तर पडद्यावर जुना आकडा न ठेवता जागा रिकामी करावी. थांबलेला आकडा खऱ्या आकड्यासारखाच दिसतो.

सातवी पायरी : चाचणी

चाचणी टप्प्याटप्प्याने करावी, म्हणजे दोष कोणत्या टप्प्यावर आहे ते कळते. सुरुवातीला संगणकावरून पेटीला पिंग करावे, म्हणजे नेटवर्कवरून हाक देऊन उत्तर येते का ते पाहावे. उत्तर आले तर पेटीची नेटवर्कची बाजू जिवंत आहे एवढेच सिद्ध होते, सिरियल बाजूबद्दल त्यातून काहीच कळत नाही. त्यानंतर पुट्टीसारख्या प्रोग्रॅममधून ‘रॉ’ पद्धतीने पेटीचा पत्ता आणि टीसीपी पोर्ट देऊन जोडणी करावी. सतत पाठवणारा इंडिकेटर असेल तर वजनाच्या ओळी धावू लागतील. जोडणी होते आणि ओळी येत नाहीत, तर दोष केबलमध्ये किंवा सिरियल सेटिंगमध्ये आहे. जोडणीच होत नसेल तर पोर्ट क्रमांक, संगणकाची फायरवॉल किंवा आधीपासून जोडलेला दुसरा संगणक, यांपैकी एक कारण असते.

वजनाचे सॉफ्टवेअर त्यानंतरच चालू करावे. काट्यावर एका माणसाला उभे करून आकडा वाढतो आणि तो उतरल्यावर कमी होतो का ते पाहावे. मग रिकामी गाडी, भरलेली गाडी असे वेगवेगळे भार घेऊन किमान पन्नास वजने इंडिकेटरच्या आकड्याशी हाताने ताडून लिहावीत. वेळ लागतो, पण हा टप्पा वगळू नये.

चाचणीत आणखी एक गोष्ट मुद्दाम करून पाहावी : सॉफ्टवेअर चालू असताना संगणकाची वीज एकदम बंद करावी आणि पुन्हा सुरू करावी. पेटीला समोरचा संगणक गेल्याचे कळलेले नसते. तिच्या दृष्टीने जुनी जोडणी अजून चालू असते आणि एकाच जोडणीची परवानगी असेल तर ती नव्या जोडणीला नकार देते. यासाठी पेटीत समोरचे टोक जिवंत आहे का हे ठरावीक वेळाने तपासण्याची सोय असते. मोक्साच्या उपकरणांत ही वेळ मूळची ७ मिनिटे असते. काट्यावर गाड्यांची रांग लागलेली असताना सात मिनिटे फार होतात, ती १ मिनिटावर आणावी. शेती विभागालाही थेट वजन हवे असेल तर जोडण्यांची कमाल संख्या २ करता येते, परंतु सतत पाठवणाऱ्या इंडिकेटरसाठीच. मागितल्यावर उत्तर देणाऱ्याला दोन संगणक एकाच वेळी विचारू लागले की एकाचे उत्तर दुसऱ्याला मिळते.

आरएस-४८५ आणि मॉडबस असेल तर

त्याच कारखान्यात सहवीजनिर्मितीच्या विभागातील ऊर्जा मीटर नेटवर्कवर आणायचे काम पुढे येतेच. ते बहुधा आरएस-४८५ वर मॉडबस आरटीयू ही औद्योगिक उपकरणांची संदेशपद्धत बोलतात. मॉडबस १९७९ मधला, आरएस-४८५ हा १९८३ मधला. यात दोन तारांतील व्होल्टेजच्या फरकावर संकेत जातो, म्हणून केबल कमी वेगाला १,२०० मीटरपर्यंत जाते आणि एकाच जोडीवर मूळ मानकाप्रमाणे ३२ उपकरणे बसतात. मीटर एकामागून एक साखळीने जोडावेत, मधूनच लांब फाटे काढू नयेत आणि साखळीच्या केवळ दोन टोकांना १२० ओहमचा रोधक लावावा. वीज बंद करून दोन तारांमध्ये मोजल्यास ६० ओहमच्या आसपास आकडा येतो. तो ४० दिसला तर कुणीतरी तिसरा रोधक लावला आहे. ए आणि बी या नावांवर विसंबू नये, कारण निरनिराळे उत्पादक ती एकमेकांच्या उलट वापरतात. उत्तर आले नाही तर दोन्ही तारा अदलाबदल करून पाहाव्यात, त्याने उपकरणाला इजा होत नाही.

इथे साधा डिव्हाइस सर्व्हर घ्यायचा की मॉडबस गेटवे, हे आधी ठरवावे. मॉडबस आरटीयू मध्ये एक संदेश संपला हे साडेतीन अक्षरांच्या शांततेवरून ओळखतात, आणि ९६०० बॉडला ही शांतता साधारण ४ मिलिसेकंदांची असते. नेटवर्कवर असा काळ राखला जात नाही, त्यामुळे साध्या पेटीतून कधीकधी अर्धवट संदेश येतात. गेटवेला मॉडबस समजते. तो ५०२ या टीसीपी पोर्टावर मॉडबस टीसीपी स्वीकारतो आणि सिरियल बाजूला योग्य अंतर राखून आरटीयूमध्ये विचारतो, शिवाय अनेक संगणकांच्या विनंत्या रांगेत लावतो. वाचन करणारे सॉफ्टवेअर मॉडबस टीसीपी जाणत असेल तर गेटवेच घ्यावा.

सुरक्षितता

साध्या टीसीपी पद्धतीत पासवर्ड नसतो. ज्याला पेटीचा पत्ता आणि पोर्ट ठाऊक आहे त्याला थेट इंडिकेटरशी बोलता येते. म्हणून राउटरवर पोर्ट उघडून ही पेटी इंटरनेटवर कधीही ठेवू नये, दुरून पाहायचे असेल तर व्हीपीएन ही संरक्षित जोडणी वापरावी. पेटीत परवानगी असलेल्या आयपी पत्त्यांची यादी भरता येते, तिथे काट्याच्या संगणकांचेच पत्ते असावेत. टेलनेटसारखी न लागणारी दारे बंद करावीत आणि स्विचवर काट्याच्या उपकरणांसाठी वेगळे व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा, करावे. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील वीज वितरण कंपन्यांवर जो सायबर हल्ला झाला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले, त्यात हल्लेखोरांनी उपकेंद्रांतील सिरियल-इथरनेट उपकरणांचे फर्मवेअरच, म्हणजे त्यांच्या आतला मूळ प्रोग्रॅमच, बिघडवून टाकले होते. त्यामुळे त्या उपकेंद्रांना दुरून आज्ञा देता येईना आणि कर्मचाऱ्यांना प्रत्यक्ष जाऊन हाताने स्विच चालवावे लागले.

वीज, केबल आणि नोंदी

पेटीला, स्विचला आणि मीडिया कन्व्हर्टरला इंडिकेटरच्याच यूपीएसवरून वीज द्यावी. संगणक चालू आणि मधला स्विच बंद असे झाले तर यूपीएस असून उपयोग नाही. ॲडॉप्टरची गोल पिन काटाघरातील कंपनाने सैल होते, म्हणून तिची वायर पेटीच्या बाजूला पट्टीने बांधावी किंवा स्क्रूचे टर्मिनल असलेली पेटी घ्यावी. सिरियल केबल शील्डची असावी, शील्ड एकाच टोकाला अर्थ करावी आणि ती मोटरच्या पॉवर केबलच्या पाइपातून नेऊ नये.

सर्व काही चालू झाल्यावर पेटीची सेटिंग फाइल उतरवून दोन ठिकाणी ठेवावी. त्याच बनावटीची दुसरी पेटी विकत घेऊन, तीच फाइल भरून, चाचणी करून काटाघराच्या कपाटात ठेवावी. तिलाही तोच आयपी पत्ता असल्याने दोन्ही पेट्या एकाच वेळी नेटवर्कला लावू नयेत, असे तिच्यावर ठळक लिहावे. रात्री दोन वाजता काटा बंद पडल्यास पाळीवरचा माणूस दोन केबली आणि ॲडॉप्टर हलवून काम पुन्हा सुरू करू शकेल. वहीतील हेक्सची ओळ, पिनांची मांडणी आणि पत्ते यांचा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून इंडिकेटरच्या टेबलाखाली चिकटवावा.

गळीत हंगाम संपल्यावर काटा महिनोन्महिने फारसा वापरात नसतो, आणि नेमक्या त्याच काळात, एप्रिल-मे महिन्यांत, वळवाच्या पावसाबरोबर विजा कडाडतात. त्या महिन्यांत डिव्हाइस सर्व्हरची सिरियल केबल, इथरनेटची केबल आणि ॲडॉप्टर तिन्ही काढून ठेवावीत, आणि नवा हंगाम सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी ती पुन्हा जोडून सातव्या पायरीतील पन्नास वजनांची ताडणी नव्याने करावी.